हेगवाल्या नलिनीताई

आमच्या शेजारचा बंगला गेल्या वर्षी वापीच्या एका कारखानदाराने घेतला. व्यवहार पुरा झाल्यावर तो बायकोला घेऊन आमच्याकडे ओळख करून घ्यायला आला. चहा झाला, वाडीतले चिकू खाऊन झाले, आणि मग त्याची बायको माझ्याजवळ सरकून म्हणाली, "बेन, आधीच्या मालकीणबेन कशा होत्या? घर एवढं चोख ठेवलंय, हात लावायला भीती वाटते."

मी म्हटलं, "नीटनेटक्या होत्या."

आमच्या ह्यांनी चहाच्या कपात तोंड घातलं. ह्यांना राग आला की कान लाल होतात. ते झाले होते. पाहुणे गेल्यावर म्हणाले, "एवढंच?"

"नव्या शेजाऱ्याला पहिल्याच दिवशी आणखी काय सांगू?"

तिला सांगितलं नाही ते आता सांगते.

नलिनीताई मूळच्या आमच्या गावच्या, नरपडच्याच. त्यांच्या वडिलांची वाडी आमच्या वाडीला लागून. लग्न होऊन त्या मुंबईला गेल्या आणि तिथून नवऱ्याच्या नोकरीपायी हॉलंडला. हेग नावाच्या शहरात, वकिलाती आणि बड्या साहेबांच्या वस्तीत त्यांचा सगळा संसार झाला. मूलबाळ झालं नाही. यजमान तिथेच वारले. इकडे एकुलता भाऊ गेला, वाडी त्यांच्या नावावर आली, आणि सत्तरीला टेकलेल्या नलिनीताई तिथलं घर विकून कायमच्या गावी आल्या. गावाने त्यांचं नाव ठेवलं 'हेगवाल्या'. त्यांच्या कानावर गेलं तेव्हा त्या रागावल्या नाहीत. तिथले लोक 'डेन हाग' म्हणतात, एवढी दुरुस्ती केली.

उंच, शेलाट्या, पांढरे केस मानेपाशी सरळ रेषेत कापलेले. मे महिन्यातही पायात बंद बूट. डहाणूला बाजारात जायचं तर सायकलवरून, ताठ बसून, वळताना हात लांब करून. त्या हाताला बघून मागचे रिक्षावाले थांबायचे आणि हसायचे. बोलताना त्यांचा उजवा हात हवेत काहीतरी सरळ करत असायचा, समोर एखादी तसबीर वाकडी टांगली असावी तसा. आमच्याकडे पहिल्यांदा आल्या तेव्हा बसायच्या आधी त्यांनी भिंतीवरचं कॅलेंडर सरळ केलं. मग माझ्या सासऱ्यांचा फोटो. मग माझ्याकडे बघितलं. मला वाटलं, आता माझा पदर.

जुनं घर पाडून त्यांनी बंगला बांधला. समुद्राकडची अख्खी भिंत काचेची आणि तिला एकही पडदा नाही. संध्याकाळी दिवा लावून त्या खुर्चीत वाचत बसायच्या, आणि किनाऱ्यावर फिरायला जाणारं निम्मं गाव थांबून बघायचं. मी एकदा म्हटलं, "ताई, निदान रात्रीपुरता तरी पडदा लावा."

"ज्यांना लपवायचंय त्यांनी पडदे लावावेत. आमच्या रस्त्यावर सगळी घरं अशीच होती. कुणी आत डोकावत नाही."

"इथले डोकावतात."

"मग इथल्यांनी शिकायला हवं."

हे त्यांचं पालुपद. शिकायला हवं. भाजीवालीने, पोस्टमनने, ग्रामपंचायतीने, आमच्या कुत्र्याने, सगळ्यांनीच शिकायला हवं. पहिल्या वर्षी मी त्यांचं बोलणं आवडीने ऐकायची. निवृत्त शिक्षिका मी, आयुष्यभर भूगोल शिकवला, पण समुद्राला बांध घालून राहणाऱ्या त्या देशातलं कुणी समोर बसून बोलेल असं कधी वाटलं नव्हतं. त्या सांगायच्या, आमच्या रस्त्यावर विटांची तिमजली घरं, एकाला एक चिकटून. आतले जिने एवढे उभे की कपाट न्यायचं झालं तर बाहेरून शिडीच्या लिफ्टने वर चढवून खिडकीतून आत घ्यायचं. दाराचा रंग बदलायचा तरी विचारावं लागतं. कचरा ठरल्या दिवशीच बाहेर ठेवायचा. कुणाकडे जायचं तर आधी वेळ ठरवून. लिंडनची झाडं, कोपऱ्यावर ट्राम, आणि सायकल काढली की समुद्र. "तुमचाच समुद्र," त्या म्हणायच्या, "फक्त स्वच्छ."

प्रत्येक वर्णनाच्या शेवटी आमचं काहीतरी असं कमी भरायचं. हळूहळू मला त्या रस्त्याचाच राग यायला लागला.

पहिली तक्रार आमच्याविरुद्ध होती. हे वाडीतला पाचोळा जाळतात म्हणून. दुसरी मांगेलवाड्यातल्या मच्छीमार बायकांविरुद्ध, किनाऱ्यावर बोंबील वाळत घालतात म्हणून. त्या स्वतः सायकल घेऊन तिथे गेल्या आणि वास कुठवर येतो ते बायकांना समजावून सांगायला लागल्या. एकीने हातातला बोंबील वाळवणाच्या वलांडीवर टाकत विचारलं, "कुठून आलीस गं बाय?"

"इथलीच आहे मी. नरपडचीच."

"मंग वास नवा कसा तुला?"

बायका खूप हसल्या. नलिनीताईंनी ग्रामपंचायतीत अर्ज दिला. काही झालं नाही, पण त्यानंतर मांगेलवाड्यातली एकही बाई त्यांच्या दाराशी मासे घेऊन गेली नाही. त्या डहाणूच्या बाजारातून मासे आणायच्या, वाढीव भावाने, आणि ते ताजे नाहीत अशी तक्रार माझ्याजवळ करायच्या.

एक गोष्ट मात्र त्यांच्या बाजूची आहे आणि ती सांगायलाच हवी. एका दुपारी ह्यांच्या छातीत कळ आली. मी अंगणात येऊन ओरडले. पहिल्या धावत आल्या त्या नलिनीताई. ह्यांना खांद्याचा आधार देऊन आपल्या गाडीत बसवलं, स्वतः गाडी चालवली, डहाणूच्या दवाखान्यात शिरताना समोर येईल त्याला बाजूला केलं आणि डॉक्टरांना जेवणावरून उठवून आणलं. संध्याकाळपर्यंत माझ्याशेजारी बाकावर बसून राहिल्या. धीराचा एक शब्द बोलल्या नाहीत, पण हलल्याही नाहीत. हे वाचले ते वेळेवर पोचल्यामुळे, असं डॉक्टर म्हणाले. मी त्यांचे हात धरले. त्या अवघडल्या, हात सोडवून घेतले आणि म्हणाल्या, "तुमचं कुंपण आमच्या बाजूला कललंय. ते बरे झाले की सरळ करून घ्या."

आम्ही कुंपण सरळ करून घेतलं.

आता लहानू आणि जानीचं सांगते. नलिनीताईंच्या वाडीच्या समुद्राकडच्या कोपऱ्यात ह्या वारली जोडप्याचं कुडाचं घर होतं. कारवीच्या भिंती, शेणामातीने लिंपलेल्या, वर कौलं, दारात शेवग्याचं झाड. मूळची दोघं तलासरी तालुक्यातल्या झरीची. नलिनीताईंच्या वडिलांनीच लहानूला वाडी राखायला आणून तिथे वसवलं होतं. जानी त्या घरात नवरी म्हणून आली, तिची तिन्ही मुलं तिथेच झाली, आणि धाकटी रखमी माझ्या वर्गात शिकली. नलिनीताईंचा भाऊ शेवटची काही वर्षं अंथरुणाला खिळून होता. तेव्हा वाडी राखली, झाडं जगवली, चिकू उतरवून बागायतदार संघाच्या गाडीत चढवले, ते सगळं लहानूने. जानीने भावाचं हगणंमुतणं काढलं. बहीण हेगहून फोन करायची.

बंगला बांधून झाला, काचेची भिंत बसली, आणि त्या काचेतून समुद्राच्या आधी दिसायला लागलं ते जानीचं घर. दोरीवरची लुगडी, कोंबड्या, चुलीचा धूर. एक दिवस नलिनीताईंनी लहानूला बोलावून सांगितलं की दिवाळीच्या आत जागा मोकळी करायची.

लहानू आमच्याकडे आला. ओट्यावर टेकला. मग म्हणाला, "मास्तरीणबाय, तुमी बोलून बघा. तुमचा ऐकेल शेठाणी."

आम्ही दोघं वेळ ठरवून गेलो. कॉफी आली, प्रत्येकाला एकेक बिस्कीट आलं. मी विषय काढला.

"ताई, ती दोघं या वयात कुठे जातील?"

"झरीला गाव आहे ना त्यांचं?"

"तिथे भावकी आहे. त्यांचं घर इथे आहे."

"शैलाबाई, घर त्यांचं नाही. जागा माझी आहे. बाबांनी राहायला दिली होती. राहून झालं."

जेवून झालं म्हणावं, तशा त्या 'राहून झालं' म्हणाल्या. ह्यांनी विचारलं, "तुमच्या हॉलंडात असं काढता येतं का हो एखाद्याला?"

"छे! तिथे भाडेकरूला काढणं जवळजवळ अशक्य. कायदा फार कडक आहे आणि तसाच असायला हवा. पण तिथे करार असतो, नोंद असते. इथे काय आहे?"

"इथे तुमच्या भावाची सेवा आहे," मी म्हटलं.

त्यांचा हात हवेत काहीतरी सरळ करायला उचलला गेला आणि तसाच खाली आला. "त्याबद्दल मी त्यांना टेम्पो करून देणार आहे," त्या म्हणाल्या. "सामान न्यायला."

हे उठले. कॉफी तशीच राहिली.

माणसं बोलावून घर तोडायची वेळ आलीच नाही. लहानूने ते स्वतःच उतरवलं. खांब सागाचे होते, त्याने जंगलखात्याच्या लिलावातून आणलेले. ते मोडू नयेत म्हणून त्याने आणि मोठ्या मुलाने एकेक सांधा सोडवून घर खाली आणलं. मी कुंपणापाशी उभी होते. कौलं उतरवून टेम्पोपाशी रचली तेव्हा नलिनीताई बाहेर आल्या.

"कौलं राहू दे, लहानू. ती बाबांनी आणून दिली होती."

लहानूने बायकोकडे बघितलं. जानी म्हणाली, "ठेव. तिच्या बापाची हायेत."

बापलेकांनी टेम्पोत चढलेली चार-दोन कौलंही काढून परत रचून ठेवली. खांब, भांडी, गोधड्या, कोंबड्यांची डाली टेम्पोत चढली. सगळे बसले. मग जानी एकटी खाली उतरली, खराटा घेतला, आणि जिथे घर होतं ती जमीन झाडायला लागली. भिंती नाहीत, छप्पर नाही, पण चुलीची जागा, माजघराची जागा, दाराची जागा, तिने एकेक करून झाडली. कचरा एका बाजूला लोटला, खराटा टेम्पोत टाकला आणि गेली.

"बघा," नलिनीताई मला म्हणाल्या, "जाताना जागा स्वच्छ करून गेली." त्या खरंच खूश झाल्या होत्या.

तिथे त्यांनी लॉन लावलं. खाऱ्या वाऱ्याने ते दोनदा जळलं, तिसऱ्यांदा कसंबसं धरलं. कौलं त्यांनी गुलाबाच्या वाफ्यांभोवती अर्धी मातीत पुरून ओळीने उभी केली. झरीला जानीच्या घरावर पत्रे चढले. मी तेव्हापासून नलिनीताईंकडे जाणं सोडलं. रस्त्यात भेटल्या तर मान हलवायची. त्यांना काही बिनसल्याचं जाणवलं असेल असं मला वाटत नाही. त्या पूर्वीसारख्याच सांगायच्या, तुमच्या नारळाच्या झावळ्या आमच्याकडे पडतात.

पुढे असं झालं की आमच्या लेकीला, मेघनाला, नोकरी लागली ती नेमकी हेगला. हेगच, दुसरं शहर नाही. नलिनीताईंना कुठून कळलं कोण जाणे, त्या कुंपणापाशी आल्या आणि हेनी नावाच्या त्यांच्या जुन्या शेजारणीचा फोन नंबर मला देऊन म्हणाल्या, "तुम्ही जाल तेव्हा हिला भेटा. आमचं घर बघून या. म्हणजे तुम्हाला कळेल."

मी गेले ती उन्हाळ्यात. मेघना शहराच्या दुसऱ्या टोकाला एका माळ्यावर राहत होती. छत इतकं उतरतं की खोलीच्या मध्येच काय ते सरळ उभं राहता यायचं. ती खोली मिळवायला तिने किती खेटे घातले ते ऐकून मला रडू आलं. एकेक खोली बघायला रांग लागायची म्हणे, आणि घरमालक मुलाखत घ्यायचे. एका रविवारी हेनीने बोलावलं आणि आम्ही ट्रामने नलिनीताईंच्या त्या रस्त्यावर गेलो.

नलिनीताई खोटं बोलल्या नव्हत्या. सगळं तसंच होतं. लाल विटांची घरं, दगडी पायऱ्या घासूनपुसून लखलखीत, झाडांच्या सावल्या, वकिलातींचे झेंडे, आणि मोठमोठ्या उघड्या काचा. आत फुलदाण्या, पुस्तकांच्या भिंती, पियानो. मी प्रत्येक काचेतून डोकावले. मेघना मला ओढत होती. रस्त्यात माणूस दिसेना, आवाज येईना. एवढी घरं आणि एवढी शांतता, मला तर कुणी मेलंय की काय असं वाटलं.

हेनी ऐंशीच्या पुढची, जाड भिंगांचा चष्मा, हातात काठी. तिने मला दारातच मिठी मारली, कारण मी नलिनीची शेजारीण. केक आणला होता. इंग्रजीत सावकाश बोलत होती, मला सगळं कळत होतं. तिने समोरच्या घराच्या वरच्या मजल्याकडे बोट केलं.

"तिथे एक म्हातारी पियानो शिकवायची. एकटी होती, भाड्याने राहायची. घर नव्या मालकाने विकत घेतलं आणि त्याला ती नको होती. आधी जिन्यातला दिवा गेला, मग थंडीत हीटर बंद झाला. ती कुणाला सांगेना, तिला लाज वाटायची. नलिनीच्या लक्षात आलं, कारण पियानो वाजायचा थांबला. बोटं गारठली होती बिचारीची."

मग नलिनी रोज सूप घेऊन तो उभा जिना चढायची. आपली विजेची शेगडी तिला नेऊन दिली. रस्त्यावरच्या दारोदार फिरली. जिथे वेळ ठरवल्याशिवाय कुणी कुणाची बेल वाजवत नाही, तिथे हिने सगळ्यांच्या बेली वाजवल्या. आणि मालकाची माणसं सामान काढायला आली त्या सकाळी नलिनी जिन्याच्या पहिल्या पायरीवर बसली होती, साडी नेसून, अंगावर ओव्हरकोट.

"ती म्हणाली, माझ्या अंगावरून जा," हेनीने सांगितलं. "आम्ही सगळे खिडक्यांतून बघत होतो. मग माझा नवरा खाली उतरला. मग समोरचे डॉक्टर. मग सगळेच. मालकाला माघार घ्यावी लागली. ती म्हातारी मरेपर्यंत त्याच घरात राहिली. आम्ही इथे जन्मलेले, आणि हे आम्हाला भारतातून आलेल्या बाईने शिकवलं."

हेनीने चष्मा काढून डोळे पुसले. मी हातातला केक बशीत ठेवला.

"तिकडे तिचे शेजारी किती नशीबवान," ती म्हणाली.

मेघना माझ्याकडे बघत होती. तिला जानी माहीत होती, जानीने तिला अंगाखांद्यावर खेळवलं होतं. मी हेनीला एवढंच म्हटलं, "तिचं घर फार सुंदर आहे."

परतीच्या ट्राममध्ये मेघना म्हणाली, "आई, वेगळ्याच कुणाबद्दल सांगत असेल ती." मलाही तसं वाटलं असतं तर बरं झालं असतं. आजवर मी नलिनीताईंना दगड समजत होते, आणि दगडावर कुणी जन्मभर चिडत नाही. आता कळलं की बाईला सगळं कळतं. घर सुटणाऱ्या माणसाचे हात कसे गारठतात तेही कळतं.

परत आल्यावर दुसऱ्याच दिवशी मी त्यांच्याकडे गेले, न विचारता. त्या गुलाबांना पाणी घालत होत्या.

"हेनी भेटली. तुम्ही जिन्यात बसलात ते सांगितलं तिने."

त्यांचा चेहरा उजळला. मी त्यांना असं हसताना आधी कधी बघितलं नव्हतं. "सांगितलं का? अजून आठवतं तिला? काय थंडी होती त्या दिवशी!"

"आणि जानी?"

"जानीचं काय?"

"तिच्यासाठी कोण बसणार होतं पायरीवर?"

हसू गेलं. पण त्या चिडल्या नाहीत. नळ बंद केला, विचार केला, आणि मला जे सांगितलं ते अगदी खरं सांगितलं असं मी आजही मानते.

"तिथे मी परकी होते, शैलाबाई. आज हिला काढलं, उद्या मला काढतील, असं रोज वाटायचं. इथे मला कोण काढणार आहे?"

आणि त्यांनी नळ पुन्हा सोडला.

त्यानंतर त्या बाथरूममध्ये घसरून पडल्या. मनगट मोडलं, कंबर दुखावली. कामाला बायका लागत होत्या. एजन्सीने पाठवलेली एक आठवड्यात गेली, दुसरी त्याहून आधी, तिसरीने जाताना आमच्या ओट्यावर बसून पोटभर शिव्या दिल्या. गावातलं कुणी उभं राहीना. मग एक दिवस नलिनीताई ड्रायव्हर घेऊन आमच्या दारात.

"जानीचं झरीतलं घर तुम्हाला माहीत आहे. मला घेऊन चला. मी तिला परत बोलावणार आहे."

हे आतून नाही नाही अशी मान हलवत होते. मी पायात चपला घातल्या. मदत म्हणून मी मुळीच गेले नाही. मला जानी काय म्हणते ते ऐकायचं होतं.

भातं कापून झाली होती. झरीला जानी खळ्यात नाचणी झोडत होती. केस पार पांढरे झाले होते, पण हात तसाच जोरात पडत होता. मला बघून हसली. मागून प्लास्टरचा हात सांभाळत उतरणाऱ्या नलिनीताई दिसल्या तेव्हा तिने पदराने तोंड पुसलं आणि सुनेला खाट बाहेर टाकायला सांगितली. खाट खळ्यात आली. आम्ही बसलो. जानी खाली बसली नाही.

"जानी, मी मागच्या बाजूला खोली बांधून घेतलीय," नलिनीताईंनी थेट सुरुवात केली. "पक्की. टाइल्स आहेत, पंखा आहे, आतच बाथरूम आहे. तू आणि लहानू येऊन राहा. काम फक्त माझ्यापुरतं."

"बरा हाय," जानी म्हणाली. "किती दिस?"

"म्हणजे?"

"किती दिस रायचा तिथं?"

नलिनीताईंना खोटं बोलता येत नव्हतं. "मी आहे तोपर्यंत."

"आन् मंग?"

नलिनीताईंनी प्लास्टरचा हात मांडीवर घेतला. मग म्हणाल्या, "हवं तर लिहून देते."

जानीने झोडायची काठी भिंतीला टेकवली. आवाज चढवला नाही. "तुमचा बाप बोललेला मना, जानी, तू मरं तवर रहा. तो मेला. मी जित्ती हाय."

खळ्यात कोंबड्या दाणे टिपत होत्या. सुनेने चहा आणला. नलिनीताईंनी तो डाव्या हाताने सगळा प्यायला आणि कप खाली ठेवून विचारलं, "म्हणजे येणार नाहीस?"

"नाय, बाय. आमचा घर हाय इथं." मग माझ्याकडे वळून तिने मेघनाची चौकशी केली आणि मला पाटीभर नाचणी बांधून दिली. नलिनीताई तेवढा वेळ खाटेवर बसून त्या घराकडे बघत होत्या. दार सताड उघडं होतं. आत या, असं त्यांना कुणी म्हटलं नाही.

गाडी घोलवडच्या रस्त्याला लागल्यावर त्या माझ्याकडे वळल्या. मग म्हणाल्या, "इतकी चांगली खोली. तिला कळत नाहीये." आणि थोड्या वेळाने, "तिने मला घरात का नाही बोलावलं?"

"तुम्ही विचारायचं होतं तिला."

"विचारलं असतं तर बोलावलं असतं?"

"नाही."

चिखल्याच्या स्टॉपवर मी ड्रायव्हरला गाडी थांबवायला सांगितली. नरपड तिथून हाकेच्या अंतरावर. नलिनीताईंनी विचारलं, "इथे काय काम आहे तुमचं?"

"आहे."

मी नाचणीची पाटी घेऊन उतरले. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि त्या म्हणाल्या एवढंच, "दार नीट लावा."

मी लावलं आणि किनाऱ्याने चालत घरी आले.

नंतर बंगला विकायला निघाला. त्या मुंबईला म्हाताऱ्या माणसांच्या कुठल्याशा संस्थेत जाणार असं कळलं. गेल्या त्या सकाळी मी वाडीत चिकू उतरवत होते. फाटकाशी गाडी थांबली आणि "शैलाबाई" अशी हाक आली. झाडाच्या आडून मला त्या दिसत होत्या. केस नुकतेच कापलेले, बूट चकचकीत, ठणकणारं मनगट दुसऱ्या हातात धरलेलं. फाटकाला कडी नव्हती, ढकललं असतं तर उघडलं असतं. त्या बाहेरच उभ्या राहिल्या. दुसऱ्यांदा हाक मारली नाही. घड्याळाकडे बघितलं, आणखी जरा थांबल्या आणि गाडीत जाऊन बसल्या.

गाडी वळून दिसेनाशी झाल्यावर मी पुढच्या झाडाला लागले.